न्हाणीघर अर्ध्यावर राहिले तेव्हा

परदेशी जाऊन राहिलेल्या आपल्या कुटुंबांत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. घर घेतले, ते जुने झाले, वडील माणसे राहावयास आली, काम काढावे लागले, आणि कंत्राटदाराने ते मध्येच टाकून दिले; आता काय करावे? इस्रायलमधील मंडळींना ‘कब्लान’ आणि ‘शिपुत्सिम’ हे शब्द उच्चारले तरी पुरे, पुढची हकीकत सांगावी लागत नाही. ठाण्यापनवेलकडे ज्यांची घरे अजून आहेत त्यांच्याजवळही अशा गोष्टी कमी नाहीत. अमेरिकेत कायदा कडक, तेव्हा असे होत नसेल, अशी अनेकांची समजूत आहे. होते. गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे जे घडले ते येथे देत आहोत. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना त्यातील काही उपयोगी पडेल.

आम्ही उभयता वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू येथे राहतो. वॉशिंग्टन सरोवराच्या पश्चिमेस सिअ‍ॅटल, पूर्वेस बेलव्ह्यू. १९५३ साली नगराचा दर्जा मिळालेले हे गाव आता उंच इमारतींचे शहर झाले आहे, परंतु लेक हिल्ससारख्या वस्त्यांत पन्नास-साठ सालांतील लाकडी घरे अजून पुष्कळ आहेत. आमचेही तसेच. खालच्या मजल्यावर एक खोली आणि नुसते बेसिन व संडास. अंघोळीची सोय वर, चौदा पायऱ्या चढून. आई ठाण्याहून कायमच्या राहावयास आल्या तेव्हा त्यांना खालची खोली दिली. (आमच्यापैकी एकाची ती आई आणि एकीच्या सासूबाई. लेख दोघांचा असल्याने ‘आई’ म्हणू आणि आदरार्थी लिहू.) त्यांचे वय त्र्याऐंशी, दोन्ही गुडघे दुखरे. तेव्हा खालच्या संडासाला लागून असलेली सामानाची खोली त्यात घेऊन, उंबरठा नसलेला शॉवर, बसावयास कट्टा आणि धरावयास दांड्या असे पुरे न्हाणीघर करावयाचे ठरले.

तीन कंत्राटदारांकडून अंदाज घेतले. ज्याला काम दिले त्याची राज्याच्या श्रम व उद्योग खात्याकडील नोंद पाहिली. नोंदणी चालू होती, विमा होता, बाँडवर कोणाचा दावा नव्हता. करार लेखी झाला. रक्कम ३८,००० डॉलर, कामाच्या टप्प्याप्रमाणे हप्ते, शेवटचा हप्ता नगरपालिकेची अखेरची तपासणी झाल्यावर. सप्टेंबर २०२४ मध्ये काम सुरू झाले. भिंती फोडल्या, जुना संडास काढला, नळ व विजेच्या तारा भिंतींच्या आत टाकल्या, निरीक्षक येऊन त्यांची तपासणी करून गेले. तोपर्यंत आमचे २६,६०० डॉलर गेले होते, म्हणजे रुपयातले सत्तर पैसे.

१० ऑक्टोबरला माणसे शेवटची आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारफाळणीचा सण लागत होता. आई म्हणाल्या, “यंदा दारं लावून बसायचं, तर एका खोलीला दारच नाही.” त्या वेळी आम्ही सर्वच हसलो. पुढच्या सोमवारी कोणी आले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की “गुरुवारी नक्की”. मग फोन उचलणेही बंद झाले.

येथे ‘लायसन्स’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्या एका शब्दावर आपली माणसे फार विसंबतात. वॉशिंग्टन राज्यात प्लंबर व इलेक्ट्रिशियन यांना शिकाऊ म्हणून काम करून परीक्षा द्यावी लागते. परंतु ज्याला सर्वसाधारण कंत्राटदार म्हणतात त्याची फक्त नोंदणी होते. त्याने बाँड भरावा, विमा दाखवावा, फी द्यावी. त्याला भिंत सरळ बांधता येते की नाही, हे कोणी विचारीत नाही. कॅलिफोर्नियात परीक्षा आहे, आणि घरकामाच्या करारावर आगाऊ रक्कम किती घेता येते यालाही कायद्याची मर्यादा आहे: किमतीचा दहावा हिस्सा किंवा १,००० डॉलर, यांतील जी कमी असेल ती. म्हणजे एकाच देशात, दोन राज्ये ओलांडली की ‘लायसन्स्ड’ या शब्दाचा अर्थ बदलतो. इस्रायलमध्ये बांधकाम कंत्राटदारांच्या नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. तेथील मंडळींनी आपल्या कब्लानचे नाव त्या नोंदवहीत आहे का, एवढे तरी पाहावे.

बाँडविषयीही असाच गैरसमज आहे. आमच्या एका शेजाऱ्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “घाबरू नका, त्याचा बाँड आहे, सरकार पैसे देईल.” सरकार देत नाही. बाँड म्हणजे एका जामीनदार कंपनीचा रोखा. १ जुलै २०२४ पासून सर्वसाधारण कंत्राटदारासाठी तो ३०,००० डॉलरचा असावा लागतो. त्यापूर्वी केवळ १२,००० होता. त्यातून काही मिळवावयाचे तर काउंटीच्या सुपीरिअर कोर्टात दावा लावावा लागतो, समन्स श्रम व उद्योग खात्यामार्फत बजावावे लागते, आणि घरमालकाने हा दावा काम पुरे झाल्यापासून किंवा सोडून दिल्यापासून दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. शिवाय रोखा एक आणि हात पसरणारे अनेक: मजूर, माल देणारे, दुसरे घरमालक. खात्यातील बाईंनी फोनवर फार सौजन्याने सर्व समजावून सांगितले आणि शेवटी हेही सांगितले की कंत्राटदाराला काम पुरे करावयास लावण्याचा अधिकार खात्याला नाही. ऐकून वाईट वाटले, पण स्पष्ट उत्तराने वेळ वाचतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस आणखी एक कागद आला, आणि पैशाची खरी धास्ती आम्हांला त्या दिवशी वाटली. आतले नळ ज्या प्लंबरने टाकले होते तो कंत्राटदाराने नेमलेला पोटकंत्राटदार. त्याचे ३,२०० डॉलर थकले होते, आणि ते न मिळाल्यास तो आमच्या घरावर बोजा चढविणार होता. सातबारावर बँकेचा बोजा चढतो हे आपल्याला ठाऊक आहे. येथे त्याला ‘लीन’ म्हणतात. आम्ही ते पैसे कंत्राटदाराला दिलेले, तरी बोजा घरावर! शेवटच्या कामापासून नव्वद दिवसांत तो नोंदवावा लागतो, आणि नोंदविल्यावर आठ महिन्यांत दावा लावावा लागतो. मात्र कायद्यात घरमालकाला एक आधार आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीत अशा पोटकंत्राटदाराचा हक्क, त्याची नोटीस मिळाली त्या वेळी मालकाने मुख्य कंत्राटदाराला जी रक्कम अजून दिलेली नसेल, तेवढ्यावरच चालतो. आमच्याजवळ ११,४०० डॉलर द्यावयाचे राहिले होते. तेव्हा नोटिशीनंतर त्यातील एक सेंटही कंत्राटदाराला द्यावयाचा नाही, हे ठरून गेले.

काम सुरू होण्यापूर्वी कंत्राटदाराने ‘ग्राहकास सूचना’ असा एक छापील कागद द्यावा लागतो, १,००० डॉलर किंवा त्यावरच्या घरकामाला. त्यात हे बहुतेक सर्व लिहिलेले असते: बाँड अपुरा पडू शकतो, ठराविक रक्कम राखून ठेवण्याची अट घालता येते, पोटकंत्राटदारांकडून बोजा सोडल्याची पावती मागता येते. तो कागद आमच्या फाइलीत होता.

पैशाचे झाले. परंतु घरातली गोष्ट निराळी होती. खालचा संडास काढल्यामुळे आईंना दिवसातून सात-आठ वेळा वर जावे लागे. आम्ही भाड्याने कमोडची खुर्ची आणली. ती त्यांनी चार दिवस वापरली आणि मग कोपऱ्यात सारून तिच्यावर चादर टाकली. “तुम्ही कामावर जाता-येताना ते भांडं उचलायचं, मला नाही बघवत,” म्हणाल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांना ताप आला. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला आणि विचारले, पाणी किती पिता? तेव्हा कळले की दुपारी चारनंतर त्या पाण्याचा घोटही घेत नव्हत्या, रात्री जिना चढावा लागू नये म्हणून. संध्याकाळचा चहा खिडकीतल्या कुंडीत जात होता.

मग १९ नोव्हेंबरला ते वादळ झाले. येथे राहणाऱ्यांना त्याची आठवण असेल. पश्चिम वॉशिंग्टनमध्ये लाखो घरांची वीज गेली, बेलव्ह्यूत मोठमोठे वृक्ष घरांवर कोसळले, एक बाई प्राणास मुकल्या. आमची वीज तीन दिवसांनी आली. त्या तीन रात्री आमच्यापैकी एकजण जिन्याच्या खाली आणि एकजण वर, हातात बॅटरी घेऊन, असे आईंना चढविले-उतरविले. उघड्या भिंतीतून वारा घरात शिरत होता.

कंत्राटदाराला कोर्टात खेचा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. आम्ही एका वकिलाचा एक तास विकत घेतला. तो तास महाग पडला तरी वाया गेला नाही. त्यांनी आधी काम मोजावयास सांगितले. त्याप्रमाणे प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, उरलेल्या कामाची यादी केली, दोन दुसऱ्या कंत्राटदारांकडून ते पुरे करण्याचा लेखी अंदाज घेतला. कमी अंदाज १९,००० डॉलरचा होता. मग मूळ कंत्राटदाराला सर्टिफाइड पोस्टाने, म्हणजे आपल्याकडील जुन्या रजिस्टर एडीप्रमाणे, पत्र पाठविले: अमुक काम राहिले, अमुक दिवसापासून कोणी आले नाही, दहा दिवसांत लेखी उत्तर द्यावे, न दिल्यास काम सोडून दिले असे समजून दुसऱ्याकडून करून घेऊ आणि फरक मागू. पत्रात एकही कडू शब्द नव्हता. तसे चार शब्द पहिल्या मसुद्यात होते; वकिलांनी ते तांबड्या शाईने काढले.

दुसरा रस्ता स्मॉल क्लेम्स कोर्टाचा. मुंबईच्या धोबीतलावावरील स्मॉल कॉजेस कोर्टाशी त्याची गल्लत करू नये. तेथे घरभाड्याचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात. येथे डिस्ट्रिक्ट कोर्टात व्यक्तीला १०,००० डॉलरपर्यंतची मागणी करता येते आणि न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय वकील उभा राहू शकत नाही. मात्र बाँडवरचा दावा तेथे चालत नाही, आणि निकाल मिळाला तरी वसुली आपणच करावयाची. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्याविरुद्धचा निकाल म्हणजे नुसता कागद.

तिसरा रस्ता आम्हांला नगरपालिकेच्या कचेरीत कळला. बेलव्ह्यू शहराचे तंटे मिटविण्याचे केंद्र आहे, कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन सेंटर. शिकवून तयार केलेले स्वयंसेवक दोन्ही पक्षांना बसवून बोलणी करवितात, फी नाही. सक्तीही नाही, समोरचा आला तर आला. महाराष्ट्रातील वाचकांना सांगावयाचे तर महारेराने २०१८ साली मुंबई ग्राहक पंचायत व बिल्डरांच्या संघटना यांना घेऊन जो सलोखा मंच काढला, त्याच्या जवळपासची ही कल्पना. (महारेरा बिल्डर आणि फ्लॅट घेणारा यांच्यातील तंट्यासाठी आहे. ठाण्यातल्या फ्लॅटची मोरी फोडून पळालेल्या कंत्राटदारासाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते.)

कंत्राटदार येईल असे आम्हांला वाटले नव्हते. केंद्रातल्या स्वयंसेवकाने त्याला तीनदा फोन केला. आणि तो आला, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात.

पण त्याआधी एक गोष्ट झाली ती सांगितली पाहिजे. आमच्या गॅरेजमध्ये त्याचे लाद्या कापण्याचे यंत्र राहिले होते, पाण्यावर चालणारे, बरेच किमतीचे. शेजारी म्हणाले, अडकवून ठेवा. एका मित्राने तर विकून टाका म्हटले. वकिलांनी सांगितले की दुसऱ्याची वस्तू अडकविली तर उलट दावा होईल. आईंना कायदा कोणी विचारला नव्हता, त्यांनी आपणहून सांगितले. त्यांचे वडील परळच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते. (गेल्याच्या गेल्या शतकात मुंबईत सुतारकाम, गवंडीकाम करणारी आपली घरे पुष्कळ होती, तेलाचा घाणा तेवढा सर्वांच्या लक्षात राहिला.) त्या म्हणाल्या, “कारागिराचं हत्यार अडवू नये. हत्यार नसलं तर तो कमावणार कुठून आणि तुमचे पैसे देणार कुठून?” बोलण्यात रीतही होती आणि हिशेबही. यंत्र आम्ही पुसून ठेवले आणि केव्हाही घेऊन जावे असे त्याला कळविले. केंद्राच्या फोनला त्याने होकार दिला तो त्यानंतर. त्याचा ह्याच्याशी संबंध होता की नाही, त्याने कधी सांगितले नाही.

टेबलाशी बसल्यावर पहिला अर्धा तास आमचा राग बोलला. दोन्ही मध्यस्थांनी तो अडविला नाही. मग कंत्राटदार बोलला. त्याने एक मोठे काम घेतले होते, त्या मालकाने त्याची मोठी रक्कम थकविली. आमचे पैसे त्याने त्या कामाच्या मजुरीत घातले. पुढे वादळानंतर छपरांच्या दुरुस्तीला दुप्पट मजुरी मिळू लागली तेव्हा त्याची दोन माणसेही सोडून गेली. आमच्या मते ही लबाडीच आहे, एकाचे पैसे दुसऱ्याच्या घरात घालणे. परंतु तो पळालेला चोर नव्हता, बुडत चाललेला माणूस होता, आणि बुडणाऱ्याकडून किती निघेल याचा अंदाज वेगळा करावा लागतो. आईंचा ताप, पाणी न पिणे, हे आम्ही सांगितले तेव्हा त्याने मान खाली घातली. एवढेच. माफी वगैरे मागितली नाही.

मग हिशेब. आमच्या लाद्या त्याने आधीच घेतल्या होत्या, २,४०० डॉलरच्या, त्याच्या गोदामात पडून होत्या. त्या त्याने आणून दिल्या तर उरलेले काम १६,६०० मध्ये होणार होते. हातातल्या ११,४०० मधून प्लंबरचे ३,२०० आम्ही थेट प्लंबरला द्यावे आणि त्याच्याकडून बोजा सोडल्याची सहीची पावती घ्यावी, राहिले ८,२००. म्हणजे तूट ८,४०० डॉलरची. त्याने ५,००० म्हटले, आम्ही ८,४००. शेवटी ७,५००, जानेवारीपासून महिन्याला १,५०० प्रमाणे पाच हप्ते. एक हप्ता पंधरा दिवसांहून अधिक थकला तर उरलेली सर्व रक्कम एकदम देय, आणि आम्ही कोर्टात जाण्यास मोकळे. शेवटचा हप्ता मिळाल्यावर आम्ही बाँडवरील हक्क सोडावा, आधी नव्हे. या एका कलमावर आम्ही हटून बसलो आणि ते मिळविले. परवान्यावरचे त्याचे नाव काढून नव्या कंत्राटदाराचे घालण्यास त्याने तेथेच सही दिली. हीही सही महत्त्वाची. ती नसती तर नगरपालिकेत आणखी खेटे पडले असते.

सर्व मिळून आमचे ९०० डॉलर आणि वकिलांचा तास गेला. काही मित्रांच्या मते आम्ही फार सोडले. असेल. खटला लावला असता तर कदाचित पुरे मिळाले असते, एक-दीड वर्षाने. तोपर्यंत चौदा पायऱ्या कोणी चढावयाच्या?

त्याच आठवड्यात तो लाद्या घेऊन आला, खोकी स्वतः उतरविली, यंत्र गाडीत घातले. आईंनी त्याला चहा विचारला. तो “नो, थँक यू” म्हणाला आणि दारातच उभा राहिला. आईंनी तरी कप नेऊन दिला. आम्हांला ते आवडले नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

पहिले तीन हप्ते वेळेवर आले. चौथा अकरा दिवस उशिरा आला आणि त्या अकरा दिवसांत आम्ही स्मॉल क्लेम्सचा अर्ज भरून तयार ठेवला. पाचवा मेमध्ये मिळाला, तेव्हा बाँडवरील हक्क सोडल्याचे पत्र पाठविले. नव्या कंत्राटदाराने फेब्रुवारीत काम सुरू केले. ह्या वेळी प्रत्येक हप्त्याबरोबर प्लंबरची आणि माल देणाऱ्याची बोजा सोडल्याची पावती मागितली. तो मुळीच रागावला नाही, उलट छापील कागद त्याच्याजवळ तयार होते. शॉवरच्या तळात पाणी भरून गळते का पाहिले, निरीक्षक येऊन बघून गेले, मग लाद्या बसल्या. मार्चच्या शेवटी अखेरची तपासणी झाली.

आईंनी नव्या न्हाणीघरात पाऊल टाकले, दांड्या हलवून पाहिल्या, कट्ट्यावर बसून पाहिले. शॉवरच्या तीन प्रकारच्या धारा आम्ही त्यांना दाखविल्या. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “बादली आणि तांब्या कुठाय?” त्या रविवारी इंडियन स्टोअरमधून दोन्ही आणले. शॉवर अजून कोराच आहे, पाहुणे वापरतात.